हँडल तुझं, सीट माझी

दत्ता, भंगारवाला आज पुन्हा येऊन गेला. फाटकात उभा राहून त्यानं आपल्या गाडीवर, ताडपत्रीखालच्या ठकुराणीवर, नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, "बाबूजी, लोहा तो अच्छा है." लोहा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा झापला त्याला की समोरच्या बंगल्यातली माणसं गच्चीवर आली. मग माझं मलाच वाईट वाटलं. त्याचा काय दोष? वहिनींच्या भावानंच त्याला बोलावलं होतं.

काल तुझं तेरावं झालं. आता वहिनींना साताऱ्याला न्यायचं, सोमवारी घर मोकळं करून घरमालकाला किल्ली द्यायची, आणि त्याआधी पत्र्याच्या शेडमधलं हे जुनं धूड कुठंतरी लावायचं, असा त्या भावाचा सरळ विचार आहे. माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "तुम्ही नेत असाल तर न्या. नाही तर भंगारात देऊ." मी म्हटलं, सांगतो. आणि तेव्हापासून नुसता येरझारा घालून राहिलोय. बँकेत माझा चार्ज देऊन झालाय, सामानाची बांधाबांध झालीय, बदलीचा हुकूम खिशात आहे, नागपूरला माझी माणसं वाट बघून राहिलीत. आणि मी हे उभ्यानं लिहितोय, तुझ्या शेडमध्ये, गाडीच्या टपावर, ताडपत्रीवरच कागद ठेवून. बसलो की उठावंसं वाटतं. कुसुम म्हणते, अहो, एका जागी बसा, जीव शिणला माझा तुम्हाला बघून.

नेऊ कशी, सांग ना. तूच सांग. तुझ्याशिवाय ही चालू करायची कोणी?

ही गाडी आपण दोघांत घेतली तेव्हा आपली सगळी मराठी मंडळी हसली होती. इन्शुरन्समधल्या आपल्या नानांनी तर भर गणपतीत सुनावलं, "भागीचं घोडं किवणानं मेलं, लक्षात ठेवा." एकाला वाटतं दुसरा बघेल, दुसऱ्याला वाटतं पहिला बघेल, आणि मधल्यामधे घोड्याच्या जखमेत किडे पडतात. तू काय म्हणालास? "नाना, आमच्यात उलटं होणार. दोघंही बघणार आणि घोडं कंटाळून मरणार." किती खरं बोललास रे. एका कार्ब्युरेटरवरून आपण जितके भांडलो तितके भाऊ वाटणीवरून भांडत नसतील.

सत्तावन्नची गोष्ट. संस्थानं गेली होती, जहागिरी गेल्या होत्या, आणि परकोट्याच्या, जुन्या शहराच्या तटाच्या, आतल्या हवेल्यांमधून जुन्या विलायती गाड्या विटांवर चढून उभ्या होत्या. तू नुकताच लष्करातून पेन्शन घेऊन इथल्याच एका कारखान्यात लागला होतास. वीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, हाताला खाज सुटलेली. एका रविवारी मला ओढत घेऊन गेलास. ठाकुरसाहेबांच्या चौकात ही उभी होती. काळी, लांबलचक, टायर बसलेले, मागच्या सीटवर कबुतरांचं बिऱ्हाड. जनान्याची गाडी. मागच्या काचांना आतून मखमली पडदे, आणि पुढच्या नि मागच्या सीटच्या मधेही एक पडदा, ड्रायव्हरला मागं दिसू नये म्हणून. मी म्हटलं, "दत्ता, हे मढं आहे." तू बॉनेट उघडून आत तोंड घातलंस ते कितीतरी वेळ बाहेरच काढलं नाहीस. मग म्हणालास, "मर्दा, मढं नाही. झोपलीय."

ठाकुरसाहेबांचे कामदार, म्हणजे कारभारी, विकली हा शब्द तोंडातून काढायला तयार नव्हते. लेकीसारखी बिदा करतोय म्हणायचे. निघायच्या दिवशी वरच्या जाळीतून म्हाताऱ्या ठकुराणींनी ताट पाठवलं. गाडीच्या कपाळाला कुंकू लागलं, अक्षता लागल्या, गूळ ठेवला. आणि जाळीमागून आवाज आला, "ध्यान सूं राखज्यो." जपून सांभाळा. तू खाड्कन सलाम ठोकलास. मला हसू आवरेना, आणि तू डोळे पुसत होतास. नाव तिथंच पडलं, ठकुराणी.

मग तिला उंटाला जुंपली. चांदपोल वेशीतून बाहेर, पुढं उंट, मागं दोरानं बांधलेली ठकुराणी, आत स्टिअरिंगवर छाती काढून सुभेदार दत्ताजीराव, आणि मी पायी. रस्त्यात लोक विचारत होते, "बारात है क्या?" बँकेतला एक कारकून समोरून सायकलवर आला. मी तोंड फिरवलं, तर तू काच खाली करून ओरडलास, "अहो साहेब, मालक पायी काय चाललेत? आत बसा की!" मी सगळ्या रस्त्यात तुझ्या नावानं बोटं मोडली.

वर्षभर लागलं तिला उठवायला. तू उघडायचास, मी पुसायचो. मला फक्त पुसायला द्यायचास. इंजिन उठलं, ब्रेक उठले, दिवे लागले, पण बटणावर गाडी चालू करणारा सेल्फ काही उठला नाही. त्याची मोटर आतून जळून गेली होती. डॅशबोर्डवरचं बटण नुसतं शोभेला उरलं. म्हणजे गाडी चालू करायची तर पुढून हँडल मारायचं. आणि हँडल मारायला एक माणूस पुढं, आत पेडलवर दुसरा. एकट्याचं कामच नाही.

पहिल्यांदा मी हँडल मारलं, आठवतं ना? तू आतून सांगत होतास, अंगठा आत घेऊ नको, बोटांच्या बाजूला ठेव, उलटा झटका बसला तर हात जाईल. मी म्हटलं, अबे, नागपूरचा माणूस आहे, विहिरीचे रहाट ओढलेत. आणि अंगठा गुंडाळूनच धरला. असा उलटा झटका बसला की मनगटच मोडलं. तू मला टांग्यातून दवाखान्यात नेलंस, कारण गाडी चालूच झाली नव्हती. टांगेवाल्यानं विचारलं काय झालं, तर तू म्हणालास, "घोडी ने लात मारी."

त्या दिवसापासून कायदा ठरला. हँडल तुझं, सीट माझी. म्हणून तर मी गाडी शिकलो. प्लास्टरमधला हात गळ्यात आणि पाय पेडलवर. तू पुढून ओरडायचास, "तयार?" मी आतून, "तयार!" तुझी कंबर वाकायची, एक ओढ, दुसरी ओढ, आणि ठकुराणी खाकरून जागी व्हायची. मी डावं दार आतून उघडून धरायचो. तू हँडल हातात घेऊन वळसा घालून यायचास, धापा टाकत शेजारी बसायचास, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "पाय उचल लेका, पेट्रोल जळतंय." कधी एकदा म्हणून नाही, दर वेळी.

मी किती वेळा म्हटलं, दत्ता, सेल्फ बसवून घे. राजा पार्क वस्तीत ते पंजाबी मिस्त्री आहेत, कुठून कुठून मोटरी शोधून आणतात. तुझं एकच. "सेल्फ म्हणजे बॅटरीचा भरवसा. बॅटरी दगा देते, माणूस देत नाही." तुझं हे वाक्य मी नानांसमोर, कुसुमसमोर, आल्यागेल्यासमोर खोडून काढलं. थंडीत तुझे हात फुटायचे, उन्हात हँडल तापायचं, मी तळमळून बोलायचो. तू ऐकशील तर शप्पथ. वर म्हणायचास, "सेल्फ बसवला की तू एकटाच उंडारत फिरशील. तसं नको."

आणि दिलास ना दगा? बॅटरी बरी म्हणायची. साधा ताप म्हणून झोपलास. मी खिडकीतून विचारलं, काहून रे, आज शेडमध्ये नाही? म्हणालास, "उद्या." तुझा उद्या अजून यायचाय. मला तुझा राग येतो दत्ता, खरंच येतो. लोक भेटायला येतात, म्हणतात, देवमाणूस होता. मला तिथून उठून जावंसं वाटतं. देवमाणूस कसला? हट्टी होतास, तोंडाळ होतास, आणि माझा होतास.

खंडेनवमीला तू पाटावर हँडल ठेवायचास. पाने, स्क्रू ड्रायव्हर, जॅक, सगळं आजूबाजूला आणि मधे हँडल. वहिनी हळदकुंकू वाहायच्या. त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, त्याची सुट्टी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे आमेरच्या बाजूला गाडी घेऊन जायचं आणि येताना पानं आणायची. इथं आपटा मिळत नाही, म्हणून आपलं कचनाराची पानं तोडायची आणि तेच सोनं म्हणून वाटायचं. पहिल्या दसऱ्याला आपण दोघांनी मिळून तिच्या तोंडावर झेंडूचा एवढा गच्च हार बांधला की जाळी पार बुजली. फौजेतला मेकॅनिक आणि बँकेतला ऑफिसर, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तिला नाकानं श्वास घ्यायचाय. आमेरच्या चढावर पाण्याला उकळी आली. रेडिएटरमध्ये घालायला पाणी आणायचं कशात? भांडं एकच, कुसुमची मठ्ठ्याची बरणी, तोंडापर्यंत भरलेली. मी म्हटलं, ओतून टाकू. वहिनी कडाडल्या, "सणासुदीचं अन्न रस्त्यावर ओतता?" शेवटी चौघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून अख्खी बरणी पिऊन संपवली. मग तू बावडीतून, पायऱ्यांच्या विहिरीतून, पाणी आणलंस. पोटं डचमळत होती, कुणाला हसवतही नव्हतं. पुढं कितीतरी दिवस गाडीला मठ्ठ्याचा वास यायचा आणि तू म्हणायचास, जनान्याची गाडी नागपूरकरांनी बाटवली.

ते पडदे मी काढून टाकू म्हणायचो. धूळ धरतात, बघायला कसंसंच वाटतं. तू म्हणायचास, ठेवू, तिच्या माहेरचे आहेत. बरं झालं ठेवलेस.

जेठातली ती दुपार मी विसरणार नाही. कुसुमला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. तू कारखान्यातून नुकता जेवायला आला होतास, ताटावरून उठलास. हँडल इतकं तापलं होतं की तू धोतराचा सोगा गुंडाळून मारलंस. पहिल्याच ओढीला लागली, त्या एकाच दिवशी. आणि रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी उभी, पुढंही जाईना, मागंही. मागच्या सीटवर कुसुम आणि वहिनी. वहिनींनी मधला पडदा सर्रकन ओढला आणि आतून हुकूम सोडला, "कुणी इकडं वळायचं नाही." मी उतरायला गेलो, तर तू माझी बाही धरलीस. धरलीस ती सोडलीच नाहीस. समोर फाटकाकडे बघत होतास आणि तुझे ओठ हलत होते. रामरक्षा होती का रे ती? विचारायचं राहून गेलं.

आणि मग मागून रडण्याचा आवाज आला. फाटक अजून बंदच होतं. वहिनी पडद्याआडून म्हणाल्या, "भाऊजी, मुलगी." त्यांचा आवाज फुटला होता. तुम्हाला मूलबाळ नाही, त्यावर आपण कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून मीना निम्मी तुमची झाली, हे काही कुणी ठरवलं नाही. तसंच झालं. ती तुला काकाजी म्हणायची, तुझ्या मांडीवर बसून डॅशबोर्डचं ते मेलेलं बटण दाबायची आणि तोंडानं घुर्रर्र करायची. तू खोटं खोटं म्हणायचास, "झाली बघ चालू! चल साताऱ्याला." परवा मला विचारते, "बाबा, मतलब काकाजी आता कधीच हँडल नाही मारणार?"

माघ संपता संपता माझी बदली आली. इतकी वर्षं नागपूरसाठी अर्ज करत होतो, आणि कागद हातात आला तर पाय जड झाले. तुला सांगितलं. तू म्हणालास, "छान झालं. ठकुराणीला घेऊन जा. स्टेशनपर्यंत चालवत ने, पुढं मालगाडीत चढव." मी म्हटलं, वा रे, उठवलीस तू, ती तुझी, इथंच राहील. मग जुंपली आपली. तू म्हणे, मीना तिच्यात जन्मली, तिचं माहेर आहे ते. मी म्हणे, गाडीशिवाय तू इथं एकटा बसून काय करशील? शेवटी मी हुकमी पान टाकलं. "आणि नागपुरात मला हँडल कोण मारून देणार? तुझा बाप?" त्यावर तू हातातलं हँडल खाली ठेवलंस. मला वाटलं, लागलं तुला. हसलास जरासं आणि घरात गेलास.

दुसऱ्या दिवसापासून शेडला कुलूप, ते आता वहिनींच्या भावानं काढलं. गाडीवर ताडपत्री. विचारलं तर, "रंगाचं काम काढलंय, हात लावू नको." मीनालाही आत घेईनास. मी कुसुमला म्हटलं, रुसलाय. कुसुम म्हणाली, जाऊन समजूत काढा. मी म्हटलं, काढीन, कुठं पळून चाललाय. आणि मग तुझा ताप आला.

इथवर मी सकाळी लिहिलं होतं. आता दुपार कललीय, अक्षर लागलं नाही तर बोलू नको.

मी ठरवून टाकलं होतं. वहिनींना सांगायचं, द्या भंगारात, मला नाही न्यायची. चालूच करता येत नाही तर नेऊ कशी? खरं कारण ते नव्हतं, तुला माहितीय. त्या रिकाम्या डाव्या सीटशेजारी बसून मला एक फर्लांगही गाडी हाकवली नसती. पण कारण चांगलं होतं, कुणालाही पटलं असतं. हँडल हातात घेऊन मी मागच्या दारी गेलो, वहिनींच्या स्वाधीन करायला. म्हटलं, "वहिनी, तुमच्याकडे राहू दे. गाडी जाऊ दे. एकट्यानं चालू होत नाही ती."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊजी, चला शेडमध्ये."

त्यांनीच ताडपत्री ओढली. रंग जुनाच होता, दत्ता. एक बोटभरसुद्धा नवा रंग नव्हता. म्हणाल्या, "बसा आत." बसलो. "किल्ली फिरवा. आता ते बटण दाबा." मी म्हटलं, "अहो वहिनी, ते मीनाचं खेळणं आहे." तर त्या म्हणाल्या, "ते राजा पार्कातले मिस्त्री येत होते, तुम्ही बँकेत गेलात की. ह्यांची तंबी होती, भाऊजींना कळता कामा नये. निघायच्या दिवशी दाखवणार होते. म्हणायचे, लेकाचा हँडल शोधत फिरेल, तेव्हा त्याचं तोंड बघायचंय मला."

मी बटण दाबलं.

एका दमात लागली. ना खाकरणं, ना दुसरी ओढ. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो दत्ता, वहिनींसमोर, लाज सोडून. आठ वर्षं मी ओरडून सांगितलं ते ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते असं? तुझ्या तोंडून एकदा "हरलो" ऐकायचं होतं मला. तुझ्या हातांकडे बघून मी सेल्फ मागत होतो रे. एकटं जायला नव्हता मागितला. आणि तू मला एकट्याला जाता यावं म्हणून तो बसवलास, हट्ट सोडून, ते वाक्य गिळून. कुठे ठेवू हे? तुझे उपकार म्हणून घेऊ की तुझ्याशी भांडू?

नेतोय मी तिला. भंगारवाल्याला वहिनींनीच फाटकातून परत पाठवलं. हँडल मी त्यांना देत होतो, ते त्यांनी परत माझ्या सीटखाली ठेवलं. म्हणाल्या, "खंडेनवमीला पाटावर काय मांडणार मग?"

इंजिन चालू होतं. मी डोळे पुसले आणि बघतो तर माझा डावा हात लांब केलेला. डावं दार मी आतून उघडून धरलं होतं. कधी उघडलं, माझं मलाच कळलं नाही. बाहेर पत्र्यावर ऊन होतं आणि तुझी चप्पल अजून तिथंच कोपऱ्यात होती.

वहिनींनी त्या उघड्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, लावा ते दार. पेट्रोल जळतंय."

लावलं. पण तुला वळसा घालून यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा धरून ठेवलं आधी, मग लावलं.